केंद्र क्रमांक छप्पन्न

१

सातव्या मतदानाचं एक पान रजिस्टरमध्ये नव्हतं, आणि ते नाही हे माझ्या लक्षात यायला मला तेहतीस वर्षं लागली.

मी निवडणूक कार्यालयाच्या रेकॉर्ड रूममध्ये आयुष्य काढलं. लोक मला दप्तर म्हणतात. खरं नाव मलाही आता पेन्शनच्या कागदावर वाचून आठवतं. बायको गेल्यापासून दोन खोल्यांत एकटा असतो. घरी फोन वाजलाच तर तो बहुतेक चुकीचा नंबर असतो, तरी मी त्या माणसाशी दोन वाक्यं जास्तच बोलून घेतो.

त्यामुळे मास्तरांचा निरोप आला तेव्हा मी नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता. मास्तर म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले आमचे इतिहासाचे शिक्षक. आमच्या मतदारसंघात आजवर जेवढी मतदानं झाली, त्या सगळ्यांचा केंद्रवार इतिहास ते लिहीत होते. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, म्हणून जुनी रजिस्टरं वाचून दाखवायला मी. माझ्या जागेवर आता एक बाई काम करतात. त्या टाईप करायच्या, मी वाचायचो.

एका मतदानाची नऊ पानं. चौसष्ट केंद्रं, एका पानावर आठ, आणि नवव्या पानावर बेरीज. त्या गुरुवारी आम्ही सातव्या मतदानाला हात घातला. सातवं म्हणजे 'ते' मतदान. आमच्याकडे एवढं म्हटलं तरी पुरतं. त्या वर्षी दोनच उमेदवार होते आणि निकाल लागला तो एका मताने. जिंकले ते साहेब, हरले ते थोरले. तेव्हापासून ते एक मत आपलंच असं मानणारी निदान चाळीस माणसं या मतदारसंघात आहेत. न्हावी दुकान बंद करून मेहुण्याकडे गेला होता. पोस्टमन दुपारी जरा आडवा झाला तो संध्याकाळी उठला. एका मावशींनी चष्मा विसरल्यामुळे भलत्याच चिन्हावर शिक्का मारला. चाळिसांतल्या प्रत्येकाने थोरल्यांना एकट्याने पाडलंय.

मी वाचत होतो. "केंद्र सेहेचाळीस. सत्तेचाळीस. अठ्ठेचाळीस." पान उलटलं. "केंद्र सत्तावन्न."

"काका, एकोणपन्नास," बाई म्हणाल्या.

मी मागे गेलो, पुढे आलो, पान झटकलं, बोटाला थुंकी लावून चिकटलंय का पाहिलं. एकोणपन्नास ते छप्पन्न ही केंद्रंच नव्हती.

बाईंचा चेहरा उतरला. "काका, हे माझ्यावर शेकणार हो. किल्ली माझ्याकडे असते."

"घाबरू नका. आधी कोपऱ्यातला आकडा बघा."

प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात मशीनने मारलेला नंबर होता. अठ्ठेचाळीसवर संपणारं पान साठ. सत्तावन्नपासून सुरू होणारं पान एकसष्ट. मध्ये एकही आकडा गळला नव्हता. म्हणजे नंबर पडले तेव्हाच ते पान तिथे नव्हतं. बाईंचा जीव भांड्यात पडला आणि माझा जीव घशाशी आला, कारण ते नंबर कोणी मारले होते ते मला ठाऊक होतं.

मी खंडाचं शेवटचं पान काढलं. खाली निळ्या शाईत लिहिलं होतं: 'पाने १ ते ६२ पूर्ण. तपासली.' त्याखाली माझी सही.

२

मला आठवलं ते सगळं. त्या मतदानानंतर अकरा महिन्यांनी मी नोकरीला लागलो. तोवर पानं सुटी होती, नाडीने बांधलेली. आमचे कार्यालयप्रमुख म्हणाले बांधून घे, नंबर मार. मी नवा कोरा कारकून, उत्साह मावेना. बोट दुखेपर्यंत नंबर मारले. पानं मोजली, पण वाचली नाहीत. एकसष्टनंतर बासष्ट आला की माझं समाधान व्हायचं. असा गाढवपणा फक्त रेकॉर्डचा माणूसच करू शकतो.

शुक्रवारी सकाळी दार वाजलं. बाहेर वहिनी उभ्या होत्या. थोरल्यांच्या पत्नी. थोरले दोन वर्षांपूर्वी गेले, पण अख्खं गाव अजून त्यांना वहिनीच म्हणतं.

"भाऊजी, पान हरवलंय म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"मास्तरांनीच. आणि हे वाचायला दिलं. म्हणाले, छापण्याआधी तुम्हाला दाखवणं माझं कर्तव्य." त्यांनी पिशवीतून टाईप केलेला कागद काढला. दोन वाक्यं अधोरेखित केली होती. 'पराभूत उमेदवाराने निकालाविरुद्ध केलेला अर्ज तीन महिन्यांत मागे घेतला आणि त्याच रात्री तो विजयी उमेदवाराच्या घरी गेला. तो फितूर झाला, असेच म्हणावे लागते.'

"सोमवारी पुस्तक छापायला जातंय," वहिनी म्हणाल्या. "मी म्हटलं, ही ओळ काढा. ते म्हणाले, पुरावा आणा. हयात होते तोवर लोक पाठीमागे बोलायचे. आता पुस्तकात येणार. नातवंडं वाचतील, भाऊजी."

मी त्यांना बसायला सांगितलं. त्या बसल्या नाहीत.

"तो अर्ज मागे घेतला, त्या दिवसाचं काही आठवतं?"

"न आठवायला काय झालं? सकाळी कडक इस्त्रीचा सदरा घालून तुमच्या कार्यालयात गेले. कागद तपासायला. जाताना म्हणाले, आज चूक सापडते बघ. दुपारी आले ते गप्प. अर्ज मागे घेतला म्हणाले. का, ते नाही. संध्याकाळी स्वतः चहा केला. लग्नानंतर पहिल्यांदा. मी आत गेले तर म्हणाले, तू बस, शेगडी मी पेटवतो. चहा अगदी पाणचट झाला होता. मी पण गोड मानून प्यायले."

"आणि नंतर?"

"नंतर काय, पुन्हा उभे राहिले नाहीत. कुठे जाणं नाही, येणं नाही. फक्त रविवारी सकाळी दहाला खुर्ची फोनजवळ ओढायचे आणि कानाला लावून बसायचे. बोलायचे काही नाहीत. कोणाला लावताय विचारलं तर म्हणायचे, लागत नाहीये. बत्तीस वर्षं दर रविवारी लागत नव्हता. ते गेल्यावर मी ती खुर्ची भिंतीला लावून टाकली. मला कोण फोन करणार? आला तर उभ्यानेच उचलते."

त्या जायला निघाल्या आणि उंबऱ्यावर थांबल्या.

"एक गोष्ट मास्तरांनी खोटी लिहिलेली नाही, भाऊजी. त्या रात्री ते खरंच साहेबांच्या घरी गेले होते."

३

मास्तरांच्या घरात बसायची जागा शोधावी लागते. जिथे तिथे वह्या. ते भिंग घेऊन टेबलाशी बसले होते. एकेकाळी थोरल्यांचा उजवा हात म्हणजे मास्तर. मतमोजणीला थोरल्यांच्या वतीने तेच बसले होते. अर्ज मागे घेतल्यापासून दोघं एकमेकांशी बोलले नाहीत, थोरले वारले तरी.

"वहिनींनी पाठवलं ना तुम्हाला?" ते म्हणाले. "दप्तर, मला त्या बाईंचं वाईट वाटतं. पण मी इतिहास लिहितोय, शोकसंदेश नाही."

"पुरावा काय तुमच्याकडे?"

"पुरावा?" त्यांनी खणातून काळ्या कव्हरची वही काढून माझ्यासमोर आपटली. "ही माझी मोजणीची वही. चौसष्टच्या चौसष्ट केंद्रं. निकाल पुकारला की लगेच आकडा लिहायचो, पुढे वेळ. बेरीज करा. थोरल्याला नऊ हजार दोनशे चौदा, साहेबाला नऊ हजार दोनशे तेरा. आम्ही एका मताने जिंकलो होतो! सरकारी बेरीज नेमकी उलटी आली. म्हणून तर अर्ज केला."

मी वही चाळली. मोत्यासारखं अक्षर, खाडाखोड नाही. एकोणपन्नास, वेळ. पन्नास, वेळ. पंचावन्न, वेळ. छप्पन्न: थोरले एक, साहेब शून्य.

"छप्पन्न म्हणजे धरण?"

"हो. तिथे एकच मतदार. थोरल्याचा धाकटा भाऊ, धरणावर पहारेकरी. जुनी वस्ती उठली, हा एकटा राहिला. पण नियम म्हणजे नियम. एका माणसाच्या मतासाठी चार कर्मचारी खोकं घेऊन डोंगर चढायचे. त्या वर्षी रस्ता खचलेला. खोकं यायला रात्र झाली, तोवर बाकीची सगळी मोजणी आटोपली होती."

"तुमच्याशिवाय कोणी मोजणीला होतं?"

"आमच्याकडून मी एकटा. जेवायला अर्धा तास उठलो असेन तेवढाच." त्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली. "गणित सोपं आहे. त्या पानावर लबाडी होती. साहेबाच्या माणसांनी पान गायब केलं, आणि थोरल्याला आपल्याकडे ओढून त्याचं तोंड बंद केलं. मी तीन महिने दारोदार हिंडलो या माणसासाठी, दप्तर. एकदा तरी मला सांगायचं होतं त्याने."

त्यांनी भिंग खाली ठेवलं, चष्मा काढला आणि नाहक पुसत बसले. या घरातही फोन फारसा वाजत नसावा.

निघताना मी म्हटलं, "मास्तर, छप्पन्नच्या पुढे वेळ लिहिलेली नाही."

"राहिली असेल."

"तुमची? राहिली?"

त्यांनी मला दार दाखवलं नाही, पण दाराकडे पाहिलं.

४

साहेब आता ऐंशीच्या पुढे आहेत. चार वेळा निवडून आले, पाचव्यांदा पडले, आणि पडल्याच्या दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या अंगणातल्या पन्नास खुर्च्या रिकाम्या झाल्या. खुर्च्या अजून तिथेच आहेत, एकात एक घातलेल्या. मी गेलो तेव्हा साहेब व्हरांड्यात शाल पांघरून बसले होते.

"ये रे दप्तर! कोण मेलं?"

"कोणी नाही, साहेब. सातव्या मतदानाचं पान हरवलंय."

"आणि ते मी खाल्लं, असंच ना?" ते हसता हसता खोकले. "अरे, डोकं चालव. मी एका मताने जिंकलो होतो. ते पान म्हणजे माझ्या जिंकण्याचा दाखला. ते गायब करून मी माझ्याच पायावर धोंडा पाडून घेऊ? उलट अर्ज चालला असता तर मीच ते पान नाचवलं असतं."

बोलणं बिनतोड होतं. मी मुद्द्यावर आलो.

"अर्ज मागे घेतला त्या रात्री थोरले तुमच्याकडे आले होते."

"आला होता." साहेबांनी आतल्या दाराकडे बोट केलं. "माझी माणसं आत फटाके उडवल्यासारखी हसत होती. मी त्याला मागच्या खोलीत नेलं. म्हटलं, माग काय मागायचं ते, मोठेपणा केलास. मला वाटलं, समितीवर जागा मागेल, मुलाला नोकरी मागेल. लोक काय काय मागतात ते मला विचार. हा म्हणाला, एकच काम करा. धरणावर टेलिफोनची लाईन ओढून द्या."

"धरणावर? तिथे तर एकच माणूस राहतो."

"मीही तेच म्हटलं! एका माणसासाठी एवढे खांब रोवायचे? तर म्हणाला, त्या एका माणसासाठीच. बरं, पूर आला तर खबर मिळेल, असं फायलीवर लिहून मी मंजूर करून घेतलं. माझ्या पहिल्या सहीचं काम ते. कोणाला सांगू नका म्हणाला, म्हणून नाही सांगितलं. लोक त्याला फितूर म्हणायला लागले तेव्हा मी त्याला निरोप धाडला, की मी खुलासा करू का? नको म्हणाला."

"का?"

"ते तू शोध. मला तर वाटायचं, हरलेला माणूस थोडा भ्रमिष्ट झाला." साहेबांनी शाल सारखी केली. "बस की अजून. एवढ्यात कुठे निघालास?"

मी अर्धा तास बसलो. त्यांनी मला ते पडले त्या निवडणुकीची गोष्ट सांगितली, आणि मग तीच परत सांगितली.

बाहेर पडताना मला एक विचार टोचायला लागला. जिंकलेल्याला पान नको असण्याचं कारण नव्हतं. मग ज्याने निकालाविरुद्ध अर्ज केला होता, त्यालाच ते पाहिल्यावर नकोसं झालं असेल तर?

५

शनिवारी मी बाईंकडून तपासणीची वही मागून घेतली. कोणी कुठला कागद पाहिला, कधी पाहिला, ते तिच्यात लिहितात. सातव्या मतदानाची सुटी पानं बांधली जाईपर्यंत एकाच माणसाने पाहिली होती. थोरल्यांनी. सकाळी अकरा ते बारा. त्याच दिवशी दुपारी तीनला अर्ज मागे.

मग मी माझी आवडती गोष्ट केली. कागद घेऊन बसलो आणि वजाबाकी केली.

सरकारी एकूण: थोरले नऊ हजार दोनशे तेरा, साहेब नऊ हजार दोनशे चौदा. हातात असलेल्या सात पानांची बेरीज: थोरले आठ हजार एकशे दोन, साहेब सात हजार नऊशे शहाऐंशी. म्हणजे हरवलेल्या पानावर थोरल्यांना एक हजार एकशे अकरा आणि साहेबांना एक हजार दोनशे अठ्ठावीस मतं होती.

मास्तरांच्या वहीतले एकोणपन्नास ते पंचावन्न या सात केंद्रांचे आकडे मी त्यांच्या घरून येताना मनात घोकत आलो होतो. अशा कामात माझी स्मरणशक्ती शाबूत आहे. त्यांची बेरीज: थोरले एक हजार एकशे अकरा, साहेब एक हजार दोनशे सत्तावीस.

उरलं छप्पन्न. थोरले शून्य, साहेब एक.

मी तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

आता वहीत वेळ का नव्हती ते कळलं. धरणाचं खोकं उघडलं तेव्हा मास्तर जेवायला गेले होते. परत आल्यावर त्यांनी कोणाला विचारलंही नसेल. एकच मतदार, तोही उमेदवाराचा सख्खा भाऊ. त्यात विचारायचं काय? घरचं मत म्हणून त्यांनी एक लिहून टाकला. त्या एका आकड्याने त्यांची बेरीज सरकारी बेरजेच्या उलट आली, आणि त्याच वहीच्या भरवशावर अर्ज झाला.

मत गुप्त राहावं म्हणून असलं छोटं खोकं शेजारच्या केंद्राच्या खोक्यात मिसळून मोजायचं असतं. पण खोकं उशिरा आलं, मिसळायला काही उरलं नव्हतं. कोणीतरी ते एकटंच मोजलं आणि रकाना रिकामा राहू नये म्हणून शून्य आणि एक असं लिहिलं. एका माणसाचं मत कागदावर उघडं पडलं.

थोरले चूक शोधायला आले आणि त्यांना ते सापडलं. अर्ज चालला असता तर ते पान भर न्यायालयात वाचलं गेलं असतं. चाळीस माणसं जे मत आपलं समजत होती, ते कोणाचं हे सगळ्या मतदारसंघाला कळलं असतं. त्या भावाला कोणी जगू दिलं नसतं. पानं सुटी होती, नाडी ढिली होती. थोरल्यांनी पान खिशात घातलं, अर्ज मागे घेतला, घरी गेले आणि शेगडी स्वतः पेटवली. वहिनी पाणचट चहा प्यायल्या, तो त्या पानावर उकळला होता.

त्या माणसाने आमदारकी सोडली, मित्र सोडला, फितूर म्हणवून घेतलं, आणि हे सगळं सुखरूप झाकून ठेवायला मी खाली सही केली होती: पूर्ण, तपासली.

वहिनींना हवा होता तो पुरावा आता माझ्या हातात होता. पण तो बाहेर काढायचा, तर थोरल्यांनी जन्मभर जे झाकलं तेच चव्हाट्यावर आणायचं. आणि मत ज्याचं होतं तो माणूस अजून धरणावर होता.

६

रविवारी पहिल्या बसने निघालो. बस डोंगराच्या पायथ्याशी सोडते, पुढे दीड तास चालणं. वाटेत टेलिफोनचे खांब एकामागून एक वर चढत होते, एकाच तारेसाठी. मी मोजले, सवयच ती. एकशे अठरा.

धाकटे बांधावर उभे होते. साठी उलटलेली, अंगाने काटक. नोकरी संपली तरी त्यांच्या जागी यायला कोणी तयार नाही, म्हणून ठेवून घेतलंय. माणूस बघून त्यांना आधी काय बोलावं तेच सुचेना.

"पाणी मोजायला आलात, साहेब?"

"नाही. तुम्हाला भेटायला."

"मला?" त्यांनी मागे वळून पाहिलं, जणू आणखी कोणी उभं असावं.

खोली एकच. खाट, स्टोव्ह, आणि टेबलावर पाण्याच्या पातळीची वही. दिवसातून दोनदा नोंद, एकही रकाना रिकामा नाही. भिंती नुकत्या चुन्याने रंगवलेल्या, पांढऱ्याफेक. फक्त फोनच्या वर वीतभर चौकोन जुन्या, मळक्या रंगाचा सोडलेला होता. त्यात शिसपेन्सिलीने लिहिलेला एक नंबर, पुसट झालेला.

मी उगाच पाल्हाळ लावला नाही. वजाबाकीचा कागद त्यांच्यापुढे ठेवला.

त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "हे शून्य कोणाचं?"

"तुमच्या दादांचं."

त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि हाताने सारखा केला. "कोणाकोणाला ठाऊक आहे?"

"मला कालपासून. आणि दादांना होतं."

"दादाला नव्हतं," ते पटकन म्हणाले.

"होतं. मतदानानंतर तीन महिन्यांनी कळलं. ते पान त्यांनीच नेलं आणि जाळलं. अर्ज त्यासाठीच मागे घेतला. हा फोनही त्यांनीच मागून घेतला, साहेबांच्या घरी जाऊन."

धाकटे उठले आणि बाहेर गेले. मी खिडकीतून पाहिलं. ते पातळीच्या पट्टीजवळ उभे राहिले, वेळ झालेली नसताना. परत आले तेव्हा चेहरा धुतलेला होता.

"मला वाटायचं, त्याला माहीत नाही म्हणून तो येतो," ते म्हणाले. "दर रविवारी यायचा, साहेब. आधीपासून. सायकल खाली ठेवायचा आणि चढताना शीळ घालायचा. शीळ आली की मी स्टोव्ह पेटवायचो. मग तो उभा राहिला मतदानाला. सगळे म्हणायचे, आता हा राजधानीला जाणार. मतदानाच्या दिवशी ते चार कर्मचारी बाहेर बसलेले, माझ्या एकट्यासाठी. मी आत. शिक्का हातात. मनात आलं, हजारो लोक देतायत त्याला मत, तो निवडून येतोच आहे. पण त्याला जा असं मी तरी कशाला म्हणू? एवढंच. माझ्या एकाने काय होणार होतं?"

ते थांबले.

"निकाल कळला तेव्हा मला दरदरून घाम फुटला. तो मात्र पुढच्या रविवारी शीळ घालत आला. मला त्याच्याकडे बघवेना. दर रविवारी तसंच. मग हा फोन लागला, तारवाल्यांबरोबर तो स्वतः वर आला, भिंतीवर घरचा नंबर लिहिला. म्हणाला, एकटं वाटलं की फिरवत जा. त्या दिवशी मी त्याला म्हटलं, दादा, तू यापुढे येऊ नकोस. का ते नाही सांगितलं. त्यानेही नाही विचारलं."

"आणि रविवारी दहाला फोन वाजायचा."

"तुम्हाला कसं..." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "पहिल्यांदा उचलला. 'दादा' म्हणालो, पुढे शब्द फुटेना. ठेवून दिला. मग कधी उचलला नाही. वाजू द्यायचो. पण रविवारी दहाला खोलीत असायचो हं, कधी चुकवलं नाही. तो गेल्यापासून वाजत नाही."

म्हणजे एक भाऊ खाली खुर्चीत, एक वर खाटेवर, आणि मध्ये एकशे अठरा खांब. मला माझंच रडू आवरेना, आणि मी काही तसा माणूस नव्हे.

"एकटं वाटलं की फिरवत जा, असं म्हणाले ना ते?" मी शेवटी म्हटलं. "तुम्ही मत तसं का दिलंत तेही त्यांना कळलं होतं. रागावले असते तर फोन कशाला मागितला असता?"

धाकटे त्या मळक्या चौकोनाकडे पाहत राहिले.

मी मग पुस्तकाचं सांगितलं. मास्तरांची ओळ, वहिनी, सोमवार. "मत तुमचं आहे. गुप्त ठेवायचा हक्क तुमचा. तुम्ही नाही म्हणालात तर हा कागद मी इथेच फाडतो, आणि वहिनींना सांगतो की काही सापडलं नाही."

"आणि दादाला फितूर म्हणतील?"

"छापतील तसं."

"मग हे छापा."

"नीट विचार करा. लोक चढून येतील इथे बोलायला."

"येऊ देत की," ते म्हणाले, आणि पहिल्यांदा जरासे हसले. "कोणी तरी येईल. लिहा, केंद्र छप्पन्न, मतदार एक. तो मी. मास्तरांना म्हणावं, पुढे वेळही घाला. सकाळी सव्वानऊ." मग त्यांचा चेहरा बदलला. "पण वहिनीला हे पुस्तकातून कळायला नको."

ते फोनपाशी गेले. रिसीव्हर उचलला, चौकोनातला एकेक आकडा वाचत नंबर फिरवला आणि ऐकत राहिले. "लागत नाही," ते म्हणाले. चौतीस वर्षांत त्यांनी तो नंबर एकदाही फिरवला नव्हता.

"आता आधी दोन लावावा लागतो," मी म्हटलं. "नंबर वाढले मध्यंतरी."

त्यांनी पुन्हा फिरवला, आधी दोन लावून. खोली एवढी शांत होती की पलीकडची घंटा मलाही ऐकू येत होती. सहा वेळा वाजली. मग उचलल्याचा आवाज.

"वहिनी," ते म्हणाले. घसा खाकरला. "मी धरणावरून बोलतोय."

पलीकडे काहीच नाही. मला वाटलं, फोन कट झाला. भिंतीवरच्या घड्याळात दहा वाजून गेले होते.

मग वहिनींचा आवाज आला, लांबचा पण स्पष्ट. "थांब हं. खुर्ची ओढून घेते."

फरशीवर खुर्ची सरकल्याचं मी ऐकलं, आणि पाण्याची पातळी बघायला बाहेर गेलो.